बावीसशे की तीन हजार

बालीगंज, कोलकाता
६ नोव्हेंबर २०२४

चि. हेमंत,

आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. मग मी ओरडते, आणि मग हे बाहेरच्या खोलीतून विचारतात, काय झालं. आमच्या या फ्लॅटमध्ये भिंती नावापुरत्याच आहेत. कागदावर निदान मला मध्येच तोडता येत नाही तुला.

आम्ही जुनी मोटरहोम घ्यायची ठरवली आहे. आत झोपायला पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी असं सगळं असलेली गाडी. हसून झालं असेल तर पुढे वाच.

दोन गाड्या बघून ठेवल्या आहेत. पहिली डमडमला, सौरभबाबू म्हणून एकजण आहेत त्यांची. आठ वर्षं जुनी, बासष्ट हजार किलोमीटर, इंजिन बावीसशे सीसीचं. आत व्यवस्थित दार लागणारा संडास आहे आणि शंभर लिटरची टाकी. दुसरी खिदिरपूरला, डॉकवरच्या एका क्लिअरिंग एजंटची. ती दहा वर्षांची, तीन हजार सीसी, चार फूट जास्त लांब. पण तिच्यातला संडास काढून त्याने तिथे कपाट केलं आहे.

सगळेजण मला इंजिनाचंच सांगतात. एक म्हणतो मोठं घ्या, एक म्हणतो मोठं डिझेल पितं. तू एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढलीस. बावीसशे सीसीचं इंजिन एवढा संसार ओढेल का, तेवढं सांग. बाकीचं विचारू नको. यांना विचारलं तर "तुला हवी ती घे" म्हणतात आणि पेपर वर धरतात.

प्रेमलताला सांग, तिळाची चटणी पोचली.

तुझी,
ताई

---

सातारा
१३ नोव्हेंबर

ती. ताई,

साष्टांग नमस्कार, आणि तोही कपाळाला हात लावून.

तीन हजार घे. विषय संपला. बावीसशेचं इंजिन रिकाम्या गाडीला ठीक. त्यात तू शंभर लिटर पाणी भरणार, सिलेंडर ठेवणार, गाद्या टाकणार, आणि तुझ्या स्वभावाप्रमाणे दोन महिन्यांचा किराणा. ते इंजिन सतत पायाखाली दाबून चालवावं लागेल. चढाला दुसऱ्या गिअरच्या वर जाणार नाही. खंबाटकी चढताना तापेल, क्लच प्लेट जळेल, आणि तुम्ही दोघं म्हातारी माणसं वळणावर दगड लावून बसाल. मोठं इंजिन तेच ओझं आरामात नेतं. वर्कशॉपमध्ये मी शेकडो इंजिनं उघडली आहेत. दमलेलं लहान इंजिन कसं दिसतं ते मला माहीत आहे.

संडासाचं काय कौतुक लावलं आहेस? आता दर वीस किलोमीटरला पेट्रोल पंप असतो आणि तिथे सोय असते. कपाट जास्त उपयोगी.

आणि विचारू नको म्हणालीस तरी विचारतो. दाजी एवढे पोर्टाचे इंजिनियर, त्यांनी बोटींची इंजिनं सांभाळली, मग त्यांना सोडून मला कशाला? का तेवढंही सांगायचा कंटाळा? गेल्या डिसेंबरात माझ्या लेकीच्या, मुग्धाच्या लग्नाला यायचाही त्यांना कंटाळाच आला होता. तू फोनवर ब्लडप्रेशर म्हणालीस. या घराचा थोरला जावई, त्याचा मान करायला मी फेटा, उपरणं, नारळ घेऊन मांडवात उभा. पाहुणे विचारत होते, थोरले जावई कुठे? दीड दिवस रेल्वेत बसवत नाही त्या माणसाला आता चाकांवरचं घर हवं!

हेमंत

---

बालीगंज
२० नोव्हेंबर

हेमंत,

मी तुला एक प्रश्न विचारला आणि तू मला सहा उत्तरं दिलीस, त्यातली पाच मी मागितली नव्हती.

खंबाटकी कुठून आली मध्ये? आम्ही सातारला येतो आहोत असं मी कुठे लिहिलं? पत्र पुन्हा काढून बघ. चाळीस वर्षं आम्ही इथे आहोत, पण आम्ही घराबाहेर पाऊल टाकलं की तिकडच्या सगळ्यांना वाटतं, निघाले गावाकडे. आम्हाला बक्खालीला जायचं आहे, बिष्णुपूरला, मुर्शिदाबादला. सगळा रस्ता सपाट. या मुलखात चढ बघायचा तर पुलावर जावं लागतं. तू घाटासाठी इंजिन निवडलंस आणि मला बंगालात चालवायचं आहे. आम्ही तुझ्याकडे येत नाही आहोत. आता तरी नीट उत्तर दे.

संडास हवाच. का, ते विचारायचं नाही. तुला संडासाचं हसू येतं, येऊ दे. सदुसष्ट वर्षांच्या बहिणीला एखादी गोष्ट हवी असेल तर ती का हवी याचा खुलासा तिने धाकट्या भावाला देऊ नये, इतपत तरी वय झालं आहे माझं.

यांना इंजिनाचं विचारत नाही कारण मला त्यांना त्रास द्यायचा नाही. एवढं पुरे.

बावीसशेची गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू करताना धूर सोडते, काळसर, मग बंद होतो. हे वाईट का? तुला समजेल असं सौरभबाबूंनाच विचार, हिंदी बोलतात. नंबर खाली देते. फक्त धुराचं विचार, हेमंत. फक्त धुराचं.

ताई

---

सातारा
२८ नोव्हेंबर

ती. ताई,

तुझं काम केलं आहे. रागावू नको, नंतर आभार मानशील.

त्या सौरभशी बोललो. धुराचं विचारलं तर "थोडासा होता है" म्हणाला. टर्बोचं विचारलं तर म्हणाला मिस्त्रीला विचारतो. जो माणूस आपल्या गाडीचा टर्बो मिस्त्रीला विचारून सांगतो त्याची गाडी घ्यायची नसते. मी त्याला स्पष्ट सांगून टाकलं, की मी बाईंचा भाऊ बोलतोय, आमची बहीण ही गाडी घेणार नाही, तुम्ही दुसरं गिऱ्हाईक बघा. दोघांची ओळख निघाली, म्हणून त्याच्याचकडून खिदिरपूरच्या माणसाचा नंबर मिळवला आणि त्याला कळवलं, की तुमची गाडी आमच्यासाठी ठेवा. सज्जन वाटला. तासभर बोललो. इंजिन एकदाही उघडलेलं नाही, ऑइल वेळच्या वेळी बदललेलं. सोनं आहे.

सपाट रस्ता म्हणतेस. आज सपाट. उद्या तुला माहेरची आठवण आली तर काय करशील, घाट खाली करून घेशील? तू कितीही नाही म्हण, तुम्ही येणार आहात. इंजिन आयुष्यभराचं बघायचं असतं.

संडासाच्या जागी कपाट आहे त्यात गाद्या राहतील.

हेमंत

---

बालीगंज
३ डिसेंबर

हेमंत,

तुझं पत्र आज आलं. बातमी मला रविवारीच कळली. कुठे कळली ते ऐक.

रविवारी आम्ही दोघं डमडमला गेलो. हे वर्षभरात पहिल्यांदा जवळच्याच गरियाहाट बाजाराच्या पलीकडे गेले. शनिवारी संध्याकाळी त्यांनी स्वतः टेप शोधून काढला आणि आमच्या न्हाणीघराचं दार मोजलं, म्हणाले, गाडीतलं दार एवढं तरी हवं, मला आत वळता आलं पाहिजे. आपणहून म्हणाले! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, त्यांना दिसू नये म्हणून कुकर लावला. सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला. टॅक्सीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, सांगू तिथे थांबायचं. तीनदा थांबलो.

तिथे अंगणात गाडी नव्हती. सौरभबाबू हात जोडून म्हणाले, "मासिमा, आपनार भाई तो बोल्लेन लागबे ना." नको म्हणून तुमच्या भावानेच सांगितलं, म्हणे. शुक्रवारी सिलिगुडीचं कुटुंब येऊन घेऊन गेलं.

यांनी टेप खिशात घातला. परत येताना चौथ्यांदा थांबायला सांगितलं तेव्हा टॅक्सी पुलावर होती.

आता सांगते तुला, संडास कशाला हवा. मला शपथ घातली आहे त्यांनी, आज मी ती मोडते आहे, आणि ती तू मोडायला लावलीस. गेल्या वर्षी सप्टेंबरात प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. तुला "किरकोळ" म्हणून कळवलं होतं. तेव्हापासून लघवीवर ताबा नाही. लागली की एक मिनिट. दहा मिनिटं नाही, पेट्रोल पंप येईपर्यंत नाही. एक मिनिट. डॉक्टर म्हणतात सुधारेल. सुधारत नाही.

मुग्धाच्या लग्नाला आम्ही निघालो होतो. ब्लडप्रेशर वगैरे खोटं. बॅगा भरल्या होत्या, तिचा शालू माझ्या मांडीवर होता, हावड्याला गाडीत जाऊन बसलोसुद्धा. खडगपूरच्या अलीकडे त्यांना लागली. दोन्ही संडास आतून बंद. दारावर थापा मारत उभे होते. आतल्या माणसाने शिवी दिली. आणि मग झालं, पॅसेजमध्ये, पाच-सहा लोकांसमोर. एक लहान मुलगी आईला विचारत होती, आजोबांनी काय केलं. खडगपूरला उतरलो, परतीची लोकल धरली, यांनी पूर्ण रस्ताभर माझ्याकडे बघितलं नाही. ज्या माणसाच्या शब्दावर गाळ उपसायची आख्खी बोट हलायची, त्या माणसाने मला शपथ घातली, की हेमंतला कळता कामा नये.

आणि तू मांडवात फेटा धरून उभा राहिलास म्हणून वर्षभर फुगून बसलास. आमचे काय हाल झाले ते तुला कुठून कळणार? तू घाट मोजत होतास.

तू माझा भाऊ आहेस म्हणून तुला माझ्या वतीने नाही म्हणायचा अधिकार कुणी दिला? मी विचारलं धुराचं. तू संसार विकलास.

कालिंदी

---

सातारा
१० डिसेंबर

ताई,

तुझं पत्र प्रेमलताने वाचलं, मग मी वाचलं, मग तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. मांडवात मी दाजींबद्दल चार लोकांत काय बोललो ते तिने ऐकलं होतं. ते मी तुला लिहिणार नाही.

चुकलो. मी नाही म्हणायला नको होतं. हे एकदाच लिहितो. आता मला तुझ्यावर जे रागवायचं आहे ते रागावतो.

मला का नाही सांगितलंस? मला! एकतीस वर्षं मी ड्रायव्हर लोकांत काढली, ताई. बारा-बारा तास स्टिअरिंगवर बसणारी माणसं. निम्म्यांना हाच त्रास. सीटखाली बाटली, डब्यात जादा विजार. डेपोत आल्यावर आमच्या नळावर धुवायचे, आम्ही तिकडे पाठ करून नटबोल्ट मोजायचो. कुणी कुणाला हसलं नाही. तू एक ओळ लिहिली असतीस तर मी पहिल्याच पत्रात सांगितलं असतं, इंजिन गेलं खड्ड्यात, संडास बघ. तुम्हा शहाण्या माणसांना वाटतं की आम्हाला काही कळणार नाही, म्हणून तुम्ही आमच्यापासून लपवता, आणि मग आम्हाला कळलं नाही म्हणून रागावता.

आणि "आम्ही तुझ्याकडे येत नाही आहोत" असं लिहिलंस ते मला लागलं. ते लागावं म्हणूनच लिहिलं होतंस.

आता ऐक. खिदिरपूरच्या माणसाला पुन्हा फोन केला. त्याने फक्त कमोड आणि पाइप काढला आहे. खालची मैल्याची टाकी तशीच आहे, बसवलेली. कपाट उचकटलं की आठ-दहा तासांचं काम. तीन हजार सीसीला टाकीचं ओझं जाणवणारसुद्धा नाही. मी सत्तावीस तारखेला हत्यारं घेऊन येतो. तिकीट काढलं आहे.

दाजींना काही सांगू नकोस. मी सगळं बसवून देतो, त्यांना एकदम तयार गाडी दाखव. उगाच त्यांना जिवाला घोर नको. त्यांना म्हण, हेमंत असाच भेटायला आला आहे.

हेमंत

---

डायमंड हार्बर
१६ डिसेंबर

हेमंतराव,

तुमचं शेवटचं पत्र मी उघडलं. पाकिटावर कालिंदीचं नाव होतं. दुसऱ्याचं पत्र उघडणं हलकटपणा आहे. तो मी केला आणि त्याबद्दल माफी मागणार नाही.

तुम्हा दोघांना एक गोष्ट सुचली नाही. तुमची सगळी पत्रं स्पीड पोस्टाने येत होती, आणि स्पीड पोस्टाला सही लागते. कालिंदी अकराला बाजारात जाते, पोस्टमन साडेअकराला येतो. घरात चोवीस तास कोण असतं? प्रत्येक पाकीट मी सही करून घेतलं आणि तिच्या टेबलावर ठेवलं. वाचल्यावर ती पत्र तांदळाच्या डब्यामागे लपवायची. माझ्यापासून! मी बघत होतो आणि गप्प होतो. डमडमहून परत आल्यावर मात्र माझं डोकं फिरलं होतं. त्यात शनिवारी हे आलं. हे जाड होतं. ते वाचलं आणि मग डब्यामागची तुमची आधीची दोन्ही पत्रंही काढून वाचली.

"दाजींना काही सांगू नकोस." हे वाक्य मी चार वेळा वाचलं.

मी एकाहत्तर वर्षांचा आहे. चौतीस वर्षं पोर्टाच्या ड्रेजरवर इंजिनं पाहिली. तिथला एक पिस्टन उचलायला क्रेन लागते. आणि माझ्या बायकोने गाडीचं इंजिन कुठलं घ्यावं हे विचारायला साताऱ्याला पत्र लिहिलं. मी बाहेरच्या खोलीत होतो. भिंती पातळ आहेत असं ती सगळ्यांना सांगते, पण एकदा आत येऊन खुर्ची ओढून विचारावं असं तिला वाटलं नाही. मी "तुला हवी ती घे" म्हणालो, खरं आहे. ती असं विचारायची की त्याला दुसरं उत्तर नसायचं. लहान मुलाला विचारतात तसं, हा शर्ट की तो.

तुम्ही इंजिन ठरवलंत. तिने रस्ता ठरवला. दोघांनी मिळून माझा संडास ठरवला, आणि तो मला न कळता बसवायचंही तुम्ही ठरवलंत. या सगळ्यात मी कुठे होतो? मी गाडीत भरायचं सामान होतो. शंभर लिटर पाणी, सिलेंडर, गाद्या, गुरुदत्त.

म्हणून आज सकाळी ती बाजारात गेल्यावर मी टॅक्सी करून खिदिरपूरला गेलो. तो एजंट मला ओळखतो, डॉकवरचा जुना माणूस. मी गाडी दिवसभर चालवून बघतो म्हटलं. त्याने चावी दिली आणि वर चहा पाजला. गाडी घेऊन एकटा निघालो.

बेहाला ओलांडता ओलांडता झालं. पुढे बस, मागे बस, बाजूला ऑटो. मी गाडी कडेला घेतली, पडदे ओढले, कपडे बदलले, बादलीत हात-पाय धुतले. बाहेर हॉर्न वाजत होते. मग पुन्हा स्टिअरिंगवर बसलो. पंधरा मिनिटं गेली. कुणी मेलं नाही. वर्षभर मी ज्याला भीत होतो ते एवढंच होतं.

आता नदीकाठी गाडी लावून लिहितो आहे. इंजिनाबद्दल माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी देतो. बावीसशे आम्हाला पुरलं असतं. टाकी अर्धी भरायची आणि घाई करायची नाही, म्हणजे ते खंबाटकीसुद्धा चढलं असतं. तो काळा धूर इंजेक्टरचा होता, टर्बोचा नाही. तुम्ही फोनवर ऐकून टर्बोवर संशय घेतलात. एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे शोभत नाही. तीन हजार सीसी चांगलं आहे, पण ही गाडी आमच्या गल्लीत वळत नाही, ती दूर कुठेतरी लावावी लागेल. तरीही मी हीच घेतो आहे, कारण दुसरी तुम्ही घालवलीत. कमोड मी स्वतः बसवणार. तुम्हाला यायचं तर या, पाने हातात द्यायला या. आणि सातारला यायचं नाही हे तिने लिहिलं, मी नाही. मला यायचं आहे. गाडी मी चालवणार आणि मध्ये किती वेळा थांबायचं ते मी ठरवणार.

सकाळपासून कालिंदीचे एकोणीस फोन आले. एकदा उचलला. जिवंत आहे, संध्याकाळी येतो, एवढं सांगून ठेवला. ती ओरडली. खरंच ओरडली, पूर्वी ओरडायची तशी. मला काय वाटलं ते तुम्हाला समजणार नाही. ऑपरेशन झाल्यापासून ती माझ्यावर एकदाही रागावलेली नाही. भात करपला तरी हसते, मी पाकीट हरवलं तरी "असू दे" म्हणते. तुमचं पत्र वाचताना मला तुमचा हेवा वाटला, हेमंतराव. तिने तुम्हाला काय काय सुनावलं असेल ते तुमच्या उत्तरावरून कळत होतं. तुम्ही तिला फिरून सुनावलंत. तुम्ही दोघं अजून एकमेकांना माणसं समजता.

मुग्धाच्या लग्नाला मी आलो नाही. एक ओळ लिहून कारण कळवण्याची हिंमत मला झाली नाही, आणि तुमच्या बहिणीला खोटं बोलायला लावलं. तुम्ही भर मांडवात खाली मान घालून उभे राहिलात ते माझ्यामुळे. याचा राग तुम्ही वर्षभर तिच्यावर काढलात. ती चुकीची जागा आहे. जे चार लोकांत बोललात, आणि जे तिला लिहिणार नाही म्हणता, ते सगळं मला लिहा. त्रास होईल म्हणून एक शब्द कमी करू नका. आणि पाकिटावर माझं नाव घाला.

गुरुदत्त